खारट बेगल

माझं नाक गेलं ते थंडीतल्या तापात. चेहऱ्यावर आहे तिथेच आहे, चष्माही नीट पेलतं, पण वास म्हणून काही येत नाही. जाताना ते जिभेलाही सोबत घेऊन गेलं. आज कुणी माझे डोळे मिटून जिभेवर मीठ ठेवलं आणि मग साखर ठेवली, तर कोणतं काय ते मला सांगता येणार नाही. ताप उतरल्यावर डॉक्टरांनी ठणठणीत झालात म्हणून पाठ थोपटली. मी घरी येऊन सूप केलं आणि गरम पाणी प्यावं तसं ते पिऊन टाकलं. कुणाला काही बोलले नाही.

बोलायचं कुणाजवळ? आमचे हे गेल्यापासून थोरला माझ्या मागे हात धुऊन लागला होता. "आई, एकटी कशी राहतेस? पडलीस-झडलीस तर?" सूनबाई तर वृद्धाश्रम हा शब्दसुद्धा उच्चारत नाही. तिचा शब्द म्हणजे "छान सोय". "आई, तिथे किती छान सोय आहे!" मी आयुष्यभर दवाखान्यात नर्स होते. म्हाताऱ्यांना तिकडे पोचवायला निघालेल्या मुला-सुनांची ही भाषा मला तोंडपाठ आहे. "चार दिवस राहून तर बघा" म्हणतात आणि पाचव्या दिवशी घरातल्या त्यांच्या खोलीला नवा रंग देतात. हे घर माझं आहे. या ओट्याची उंची माझ्या कोपराला बेतून घेतलेली आहे, आणि मला इथेच मरायचं आहे. यात न समजण्यासारखं काय आहे ते मला कळत नाही.

शेवटी थोरल्यानंच तोडगा काढला. म्हणाला, "ठीक आहे. वसंताच्या सुट्टीला आम्ही सगळे येतो. नेहमीसारखे बेगल कर. तू एकटीनं करायचे, कुणाची मदत नाही. नीट झाले तर हा विषय बंद, माझा शब्द. बिघडले तर मात्र माझं ऐकायचं."

"आणि नीट झाले की नाही हे ठरवणार कोण?" मी विचारलं.

"आम्ही तिघं. मी, ही आणि शेंडेफळ."

शेंडेफळ म्हणजे माझी लेक. तिचं नाव ऐकलं आणि माझा जीव भांड्यात पडला. थोरला लहानपणापासून बापाच्या वळणाचा, पोटात एक आणि ओठांत एक. पण लेक माझी. तापात मी तिच्या उशाशी बसले होते, तिच्या लग्नाला सगळं घर नाही म्हणत असताना मी एकटी हो म्हणाले होते. सून काय बोलेल ते तर मला आजच ठाऊक होतं. पण लेकीनं बेगल खाऊन "आई, मस्त" म्हटलं की थोरल्याला तोंड उघडायला जागा राहणार नव्हती. मी हो म्हणाले.

आता बेगल म्हणजे काय ते सांगते, कारण हल्ली दुकानात मिळतात त्यांना मी पाव म्हणते. घट्ट मळलेल्या मैद्याची जाड कडी करायची, ती आधी उकळत्या पाण्यात टाकायची आणि मग ओव्हनमध्ये भाजायची. बाहेरून साल चकचकीत आणि चिवट, आत लुसलुशीत. आमच्या घरातले बेगल वर्षातून एकदाच होतात, याच सुट्टीला, आणि त्यात मनुका, जर्दाळू, संत्र्याची साल आणि मसाला असतो. मसाल्यात सगळ्यात जास्त दालचिनी, मग जायफळ, लवंग आणि थोडी सुंठ.

ही सगळी विद्या माझ्या सासूची. म्हणजे विद्या तिची, पण शिकवलेली नाही. मी लग्न करून आले तेव्हा सासूनं मोठ्या प्रेमानं सांगितलं, "मसाला सुरुवातीलाच घालायचा गं, यीस्टबरोबर. दालचिनीला हात आखडायचा नाही." मी तसं केलं आणि माझे बेगल दगड झाले. सासऱ्यांनी एक टेबलावर आपटून दाखवला, पाहुणे हसून हसून बेजार. पुढच्या वर्षी तेच, त्याच्या पुढच्या वर्षी तेच. मग एकदा दाराच्या फटीतून मी सासूला करताना पाहिलं. पीठ आधी नुसतं फुगवलं, दुप्पट होऊ दिलं, आणि मग त्यात मसाला आणि फळं घालून हलक्या हातानं घडी घातली. दालचिनी यीस्टचा गळा दाबते. आधीच घातली तर पीठ फुगतच नाही. बाईला हे सगळं माहीत होतं. तिला पाहुण्यांसमोर माझा कायमचा तमाशा हवा होता, बस. पुढच्या वर्षी माझे बेगल तिच्यापेक्षा हलके झाले आणि तिचं तोंड एवढंसं झालं. ते मला अजून आठवतं आणि अजून बरं वाटतं.

तर नाक नसताना बेगल कसे करायचे? आठवणीनं आणि हातानं. हात कुठे गेले नव्हते. फक्त मसाल्याची भीती होती, कारण डब्यांतले मसाले जुने झालेले, कोण जाणे त्यांत दम उरला होता की नव्हता. त्यासाठी मी समोरच्या दारातल्या शिंपीणबाईंना बोलावलं.

शिंपीणबाईंना माझं गुपित माहीत होतं. कारण ताप गेल्यानंतर काही दिवसांनी मी गॅसचं बटण फिरवलं आणि काडी ओढायला विसरले. घरभर गॅस झाला आणि मी आपली खुर्चीत बसून मोजे विणतेय. शिंपीणबाईंनी जिन्यातून वास घेतला, धावत आल्या, खिडक्या उघडल्या. तेव्हा त्यांना सांगणं भाग पडलं. त्यांनी गळ्याला हात लावून शपथ घेतली, "बाई, माझ्या तोंडून एक अक्षर बाहेर पडणार नाही." त्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ दारातून नाक खुपसून एकदा वास घेऊन जायच्या. मी म्हणायचे, दुसऱ्याच्या घरात नाक खुपसणं एवढ्या उपयोगाचं मी पहिल्यांदा पाहतेय. त्या हसायच्या.

सुट्टीच्या सकाळी त्या आल्या, तेव्हा माझं पीठ फुगायला ठेवलं होतं. मी दालचिनीची डबी पुढे केली. त्यांनी डोळे मिटून वास घेतला.

"अहो, फक्कड आहे. शिंक येईल एवढी."

"जायफळ?"

"ते जरा मंद वाटतंय. थोडं जास्त किसा."

किसलं. मग त्या सहज म्हणून पुढच्या खोलीत गेल्या. गळ्यातली टेप काढून खिडकी मापत होत्या. मी विचारलं, "हे काय?"

"काही नाही, सवय हो. उजेड किती छान येतो तुमच्याकडे! म्हटलं, पडदे शिवून देईन कधीतरी."

मला बरं वाटलं. एवढं शेजार-प्रेम कुणाला मिळतं, असं मनात आलं. आता ते आठवलं की माझीच मला कीव येते.

पीठ बघायला गेले तर ते भांड्याच्या काठापर्यंत आलेलं. बोट टेकवलं, खळगा हळूहळू भरून आला. एवढं देखणं पीठ मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. मसाला आणि फळं घालून घडी घातली. फळं चहात भिजवून फडक्यानं कोरडी टिपून घेतली होती, नाहीतर पीठ सैल पडतं. मग लांब वळी करून टोकं जुळवली, कड्या केल्या, पुन्हा फुगू दिल्या. मिठाची मला सगळ्यात जास्त काळजी. चव कळत नाही म्हटल्यावर चुकून दोनदा पडायचं. म्हणून मी मीठ आदल्या संध्याकाळीच मोजून एका निळ्या वाटीत काढलं होतं आणि मिठाचा डबा वरच्या फळीवर, स्टुलाशिवाय हात पोचणार नाही असा, ठेवून दिला होता. वाटी रिकामी म्हणजे मीठ पडलं. वाटी रिकामी होती.

शेवटी पाण्याची परीक्षा. गार पाण्याच्या भांड्यात एक कच्ची कडी सोडायची. तरंगली तर पुरेशी फुगली, बुडाली तर अजून थांबायचं. माझी कडी पाण्यात पडली आणि लगेच वर आली. मी स्वयंपाकघरात एकटीच टाळ्या वाजवल्या. मग एकेक उकळत्या पाण्यात टाकली, उलटली, काढली, ओव्हनमध्ये सरकवली. वास आला असणार. सगळ्या जिन्यात सुटला असणार. मला नाही आला, पण काचेतून मी त्यांचा रंग बदलताना पाहिला आणि मला खरंच भरून आलं.

दुपारी तिघं आली. जिन्यातच लेकीचा आवाज ऐकू आला, "काय घमघमाट सुटलाय!" आणि लगेच कुणीतरी तिला गप्प केल्यासारखा आवाज बंद झाला. मला वाटलं, जिने चढून दम लागला असेल.

टेबलावर मी चांगली ताटं काढली होती, लोण्याचा गोळा, चहाची किटली. बेगल मधोमध, अजून कोमट. थोरल्यानं एक उचलला, फोडला, घास घेतला. चावला. चेहरा वाकडा केला आणि पाण्याच्या ग्लासाकडे हात नेला.

"आई..." तो म्हणाला आणि थांबला.

"काय रे?"

सूनबाईनं तुकडा तोंडात टाकला आणि रुमालात काढून ठेवला. "आई, वाईट वाटून घेऊ नका हं. पण मीठ... अहो, तोंडात घालवत नाही."

मी लेकीकडे पाहिलं. तिनं बेगल हातात घेतला होता. फोडला, लोणी न लावताच खाल्ला. आणि मी तिचा चेहरा पाहिला. दवाखान्यात मी इतके चेहरे पाहिलेत की दुखतंय का म्हटल्यावर कोण खोटं बोलतंय हे मला लांबून कळतं. लेकीचे डोळे मिटले. अगदी लहानपणी मिटायचे तसे, पहिल्या घासाला. ओठ जरा हलले. मग तिनं डोळे उघडले, भावाकडे पाहिलं, आणि खाली बघत म्हणाली,

"खूप खारट झालेत गं आई."

चेहरा पाहिला होता, तरी मी तिच्या शब्दावर विश्वास ठेवला. हेच मला अजून सहन होत नाही. सून खोटं बोलेल, मुलगा बोलेल, पण शेंडेफळ कसं बोलेल? माझेच डोळे चुकले, असं मी मनाशी म्हणाले. म्हणजे झालंच असणार खारट. निळी वाटी दोनदा भरली असेल मी. स्टुलावर चढले असेन आणि विसरले असेन. जिभेसारखी बुद्धीही चालली माझी. मी त्या टेबलापाशी उभी राहून माझ्या तीन मुला-माणसांची माफी मागितली.

"चुकलं माझं," मी म्हणाले. "कसं झालं कळलं नाही. चहा तरी घ्या."

थोरला उठून माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "होतं गं आई. वय आहे. पण आता ठरल्याप्रमाणे..."

"हो. ठरल्याप्रमाणे."

"तुमची खोली पूर्वेकडची आहे," सूनबाई म्हणाली. "सकाळचं ऊन येतं. छान सोय आहे." मग जीभ चावली.

खोली घेऊन झाली होती तर. मला त्याचंही काही वाटलं नाही त्या वेळी. मला फक्त तिथून निघून ओट्यापाशी जायचं होतं. बेगलांचं ताट उचललं आणि स्वयंपाकघरात गेले. कचऱ्याचं झाकण उघडलं. पहिला बेगल टाकण्याआधी फोडला, का ते माहीत नाही, हाताची सवय.

आत जाळी पडली होती. सुंदर, मोकळी, फळांच्या भोवतीसुद्धा. बोटानं दाबलं तर परत वर आली.

मी कितीतरी वेळ ते बघत राहिले. तोंडात घालवणार नाही एवढं मीठ पडायला मूठभर मीठ लागतं. आणि मूठभर मीठ पडलेलं पीठ असं फुगत नाही. ते गारठून बसतं. मीठही यीस्टचा गळाच दाबतं. माझं पीठ काठापर्यंत आलं होतं, माझी कडी तरंगली होती. दालचिनी कमी पडली म्हणाले असते, तर मी जन्मभर विश्वास ठेवला असता. जायफळ कडू लागतंय म्हणाले असते तरी ठेवला असता. पण तिघांपैकी एकानंही कधी पिठात हात घातलेला नाही, त्यामुळे सुचलं तेही मीठच.

ताट घेऊन मी बाहेर आले. ताट थोरल्यासमोर ठेवलं.

"हे खारट नाहीत," मी म्हणाले. "एवढं मीठ असतं तर हे फुगले नसते. तुम्ही खोटं बोललात. तिघंही."

लेक रडायला लागली. मला वाटलं, झालं, आता थोरल्याला शब्द पाळावा लागेल. एवढी मी खुळी.

थोरला शांतपणे म्हणाला, "बरं. नाहीत खारट. चांगले झालेत. पण आई, तू नुसतं चाखून का नाही सांगितलंस? आम्ही खारट म्हटल्यावर एक घास घेतला असतास. घेतला नाहीस. कारण तुला चवच कळत नाही. वासही येत नाही. त्या दिवशी गॅस सुटला होता. शिंपीणबाईंनी सगळं सांगितलंय मला."

"शिंपीणबाईंनी?"

"पुढची खोली त्यांना शिलाईच्या दुकानासाठी देतोय. कुणीतरी ओळखीचं घरात असलेलं बरं."

सकाळची टेप मला आठवली. त्याच बाईनं सकाळी माझी दालचिनी हुंगून दिली होती.

"मग ही बेगलांची परीक्षा कशाला?" मी विचारलं. "सरळ न्यायचं होतं ओढून."

"ओढून नेलं असतं तर तुम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत बसला असतात, मुलानं घराबाहेर काढलं म्हणून," सूनबाई म्हणाली. या वेळी तिनं जीभ चावली नाही. "आता तुम्ही स्वतःच हो म्हणालात."

खरं होतं. मी हो म्हणाले होते, माफीही मागितली होती. माझ्याजवळ पुरावा होता आणि त्याचं कुणालाच काही पडलं नव्हतं. थोरल्यानं बोलता बोलता तो पुरावाच उचलला, लोणी लावलं आणि खाल्ला. मग दुसरा घेतला. सूनबाईनंही घेतला. खोटं बोलायचं काम संपलं होतं, भूक लागली होती, आणि बेगल खरोखरच फार चांगले झाले होते. ताट हळूहळू रिकामं होत गेलं.

संध्याकाळी मी बॅग भरत असताना लेक माझ्या खोलीत आली. डोळे सुजलेले. पलंगाच्या कडेला बसून माझ्या साड्यांच्या... नाही, साड्या मी केव्हाच सोडल्या, माझ्या गाऊनच्या घड्या घालू लागली. नको तितक्या नीट घालत होती.

"आई, मला बोलायचं नव्हतं गं तसं. दादा म्हणाला, एकमतानं झालं तर तुलाच सोपं जाईल."

"बरोबर म्हणाला."

"तू रागावलीस?"

"नाही गं."

तिला बरं वाटलं. तिला नेहमीच लवकर बरं वाटतं. जरा वेळानं माझा हात धरून म्हणाली, "असे बेगल मी कधीच खाल्ले नव्हते. खरं सांगते. मला शिकव ना. पुढच्या सुट्टीला मी करीन, सगळ्यांना बोलावीन. सासरची माणसंही येतील. आणि तुझ्यासाठी तिथे डबा घेऊन येईन. माझं चुकलं ते मी असं भरून काढीन."

मी तिच्याकडे पाहिलं. नाक लाल झालेलं, केस गालावर आलेले. लहान असताना दिसायची तशीच दिसत होती. माझं तिच्यावर प्रेम आहे, ते काही कुठे गेलेलं नाही. मी तिचे केस कानामागे सारले.

"शिकवते की," मी म्हणाले. "अगदी सोपं आहे."

तिनं फोन काढला आणि लिहून घ्यायला बसली. मैदा किती, पाणी किती, फळं चहात भिजवायची, कोरडी टिपायची, सगळं मी नीट सांगितलं. एकेक गोष्ट दोनदा सांगितली, तिच्या ध्यानात राहावी म्हणून.

"आणि मसाला कधी घालायचा?"

"सुरुवातीलाच," मी म्हणाले. "यीस्टबरोबर. आणि दालचिनीला हात आखडायचा नाही."

तिनं ते लिहिलं, वाचून दाखवलं, आणि माझ्या गळ्यात पडली. पुढच्या वसंतात ती डबा घेऊन त्या पूर्वेकडच्या खोलीत येईल. मी एक घास घेईन, सावकाश चावीन, तिच्या डोळ्यांत बघीन आणि सांगीन, "खूप खारट झालेत गं."